मायनस २२ मधला झीरो: गोकुळ शिरगावच्या कोल्ड स्टोअरचं गॅस डिटेक्टरचं काम, नोंदी

३ डिसेंबर २०२४

ऑर्डर आली एकदाची. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतलं आइस्क्रीम आणि फ्रोझन मालाचं कोल्ड स्टोअर, पार्टीचं नाव लिहीत नाही, गरज पण नाही. अमोनिया वायूवर गारवा करणारा प्लांट, तो गळला तर कळावं म्हणून डिटेक्टर. आत्तापर्यंत डिटेक्टर फक्त इंजिन रूममध्ये दोन, ते पण एकाच भिंतीवर शेजारी शेजारी, असं का लावलंय ते तिथं कुणालाच सांगता येईना. आता इन्शुरन्सवाले मागं लागलेत म्हणून सगळीकडं लावायचेत. अँटी रूम (स्टोअरच्या दाराआधीची खोली), मायनस २२ च्या दोन स्टोअर रूम, मायनस ३५ ला चालणारा ब्लास्ट फ्रीझर (माल झटपट गोठवायची खोली), इंजिन रूम, आणि शिवाय माणसांच्या अंगावर लावायचे पोर्टेबल.

ओळखीतल्या एकाला सांगितलं की थंडीत डिटेक्टर कसे वागतात ते बघायचंय तर तो हसला, म्हणला कोल्हापुरात कसली थंडी भावा, पहाटे १४ झालं की आपण कानटोपी काढतो. खरंय, पण इथं एका पॅनेलच्या दाराच्या अलीकडं २८ आणि पलीकडं मायनस २२ असतं, आणि माणूस त्या दारातून दिवसभर आत बाहेर करत असतो. नुसत्या थंडीपेक्षा ही ये-जा मशीनला जास्त छळते असा माझा अंदाज आहे, काम संपेपर्यंत कळेलच.

५ डिसेंबर

डेटाशीट घेऊन बसलो. अमोनियाला आपण वापरतो तो इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर, म्हणजे आत पातळ इलेक्ट्रोलाइट असतो, गॅस पडद्यातून आत शिरतो, इलेक्ट्रोडवर रिॲक्शन होते आणि बारीकसा करंट निघतो, तो मोजून पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग गॅस) दाखवायचे. थंडीत ही रिॲक्शन मंदावते. डिसेंबरात सकाळी खोबरेलाची बाटली उलटी केली तर काय होतं ते आठवा, अगदी तसं गोठत नाही पण स्वभाव तोच. आकडा उशिरा चढतो आणि कधी कधी पूर्ण चढतच नाही. आणि सेन्सरच्या मर्यादेच्या खाली गेलं तर इलेक्ट्रोलाइट खरंच गोठू शकतो, मग तो सेन्सर परत गरम केला तरी त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

दुकानात पडून असलेले सेन्सर मायनस २० ते प्लस ५० चे आहेत. परचेसवाल्या साहेबांचं म्हणणं, मायनस २० आणि मायनस २२ मध्ये दोन डिग्रीचाच फरक आहे की, तेच लावा. नाही म्हणून सांगितलं. एक तर रूमचं सेटिंग २२ असलं तरी इव्हॅपोरेटरच्या (हवा गार करणाऱ्या कॉइलच्या) फॅनसमोर त्याहून गार हवा असते, दुसरं म्हणजे डेटाशीटवरची हद्द ही सेन्सर जिवंत राहायची हद्द असते, चपळ राहायची नसते. मायनस ४० वाले मागवले. पैसे जास्त, आठवडाभर उशीर, साहेब जरा नाराज. असूदे.

इंजिन रूममध्ये त्याच्या उलट त्रास. तिथं गरम, आणि व्हॉल्व्हच्या ग्लँडपाशी (दांड्याभोवतीच्या सीलपाशी) थोडा थोडा वास कायम असतो. काही अमोनिया सेन्सर गॅस खाऊनच म्हातारे होतात, म्हणजे रोज थोडा गॅस लागत राहिला की आयुष्य कमी. म्हणून आधी व्हॉल्व्हचे ग्लँड टाइट करा, मग डिटेक्टर लावतो असं लेखी दिलं.

९ डिसेंबर

जागा ठरवायला पूर्ण दिवस गेला आणि तो वाया गेला नाही.

पुस्तकातलं उत्तर सोपं, अमोनिया हवेपेक्षा हलका, हवेचं वजन २९ धरलं तर ह्याचं १७, म्हणजे डिटेक्टर छताजवळ. इंजिन रूममध्ये तेच केलं. पण लिक्विड लाइन फुटली तर नुसती वाफ येत नाही, बारीक थेंब घेऊन येते, ते थेंब हवेला गार करतात, हवेतली वाफ त्यात मिसळते आणि पांढरा ढग होऊन जमिनीलगत सरकतो. अमोनिया उकळतो मायनस ३३ ला, म्हणजे मायनस २२ च्या रूममध्ये सांडलेलं लिक्विड उकळतंच, पण आपल्या अंगणात उकळेल तेवढ्या घाईनं नाही. तिथल्या जुन्या ऑपरेटर काकांनी हे डोळ्यांनी बघितलंय, दुसऱ्या प्लांटवर असताना. ते म्हणले, "दादा, वर नाक लावून बसू नका, ढग गुडघ्याएवढा होता आधी."

मग स्टोअरमध्ये एक वर आणि एक छातीच्या उंचीवर असं ठरलं. वरचा इव्हॅपोरेटरच्या बाजूला पण फॅनच्या सरळ झोतात नाही. हवा कुठनं कुठं फिरते बघायला रॅकला प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधल्या आणि बघत उभं राहिलो, एक कोपरा असा सापडला की तिथं पट्टी हलतच नव्हती, आणि ड्रॉइंगमध्ये डिटेक्टर नेमका त्या कोपऱ्यात दाखवलेला. ड्रॉइंग करणाऱ्यानं रूम बघितली नसणार.

१२ डिसेंबर

ब्रॅकेट उद्यमनगरात करून घेतले. भिंतीच्या पॅनेलपासून चार बोटं लांब राहतील असे, कारण पॅनेलला चिकटून लावलं की मागं बर्फ साठतो. उद्यमनगरची गोष्टच वेगळी, कागदावर वेडंवाकडं काढून दिलं तरी दुपारपर्यंत स्टीलचा तुकडा हातात, वर चहा.

केबलचं लक्षात ठेवण्यासारखं: साधी पीव्हीसी केबल गारठ्यात कडक होते, वाकवली की तडकते. आत सगळीकडं थंडीला चालणारी केबल ओढली. आणि पॅनेलमधून केबल आत जाते ते भोक नीट बंद पाहिजे, नाहीतर बाहेरची दमट हवा केबलच्या कडेनं, पाइपातून आत जाते, जंक्शन बॉक्समध्ये पाणी होतं, पाण्याचा बर्फ होतो, मग टर्मिनलवर लिकेज आणि रीडिंग नाचतं. पाइपाचं तोंड आतून सील करायचंच.

सील म्हणलं की सगळे सिलिकॉनची ट्यूब काढतात. इंजिन रूममध्ये आपण एक कॅटॅलिटिक बीडवाला (तापलेल्या मण्याचा) एलईएल सेन्सर, म्हणजे गॅस पेट घ्यायच्या हद्दीच्या किती जवळ आला ते सांगणारा, पण लावतोय, अमोनिया हवेत १५ टक्क्याला पोचला तर पेट घेऊ शकतो म्हणून. त्या बीडला सिलिकॉनची वाफ म्हणजे विष, एकदा बसली की बीड मेला, आणि मेलेला बीड बोंब मारत नाही, गपगार शून्य दाखवत बसतो. पॅनेलवाल्या पोरांना सांगून ठेवलंय, इंजिन रूममधली सिलिकॉनची कामं सगळी उरकून, हवा खेळती करून, मगच सेन्सर बसवणार.

१७ डिसेंबर

आज महत्त्वाचं काम. सेन्सर काल दुपारी आत बसवून रात्रभर तसेच चालू ठेवले, म्हणजे त्यांना तिथल्या गारठ्याची सवय व्हावी, आणि सकाळी गॅस लावला.

आमचा पहिला अलार्म २५ पीपीएमला आहे, त्यामुळं टेस्टचा गॅस ५० पीपीएमचा घेतला, अलार्मच्या वरचा गॅस नसेल तर बंप टेस्टला (गॅस लावून अलार्म वाजतो का बघायला) काही अर्थ नाही. दुकानात हाच सेन्सर, हाच सिलिंडर, मिनिटभरात आकडा पन्नाशीजवळ. आत मायनस २२ ला मिनिटभरात जेमतेम निम्म्यावर. हूटर वाजला, पण उशिरा वाजला. पोऱ्या म्हणला सेन्सर खराब आहे, बदलूया. म्हणलं थांब, गॅस काढू नको. थांबलो तसा आकडा चढत चढत गेला, चाळिशीच्या वर जाऊन बसला. सेन्सर चांगला आहे, फक्त सावकाश आहे. आता हा सावकाशपणा कागदावर आला, अलार्मनंतर माणसाला बाहेर यायला किती वेळ मिळतो ते ह्याच्यावर ठरतं, त्यामुळं मला हा आकडा डेटाशीटपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

टेस्टमध्ये आधी एक घोळ वाटला होता तो पण लिहून ठेवतो. सिलिंडर अँटी रूममध्ये ठेवून लांब नळीनं गॅस आत न्यायचा प्रयत्न केला तर आकडा हलेचना. अमोनिया चिकट गॅस आहे, साध्या नळीच्या आतल्या भिंतीला चिकटतो, गार नळीला जास्तच. सुरुवातीचा सगळा गॅस नळीच खाते. मग टेफ्लॉनची आखूड नळी घेतली, सिलिंडर जाड कपड्यात गुंडाळून आत नेला, टेस्ट झाली की लगेच बाहेर. सिलिंडर आत विसरायचा नाही, गारठ्यात रेग्युलेटर अडखळतो आणि फ्लो बदलतो, फ्लो बदलला की कॅलिब्रेशनला अर्थ राहत नाही. सिलिंडरवरची एक्सपायरी पण बघा, अमोनियाचे सिलिंडर फार काळ टिकत नाहीत.

कायम आत राहणाऱ्या सेन्सरचा झीरो (स्वच्छ हवेला शून्य) आणि स्पॅन (टेस्टच्या गॅसला बरोबर आकडा) तिथंच, त्याच तापमानाला केला. दुकानात करून आणलेलं कॅलिब्रेशन इथं चालत नाही हे आज डोळ्यासमोर दिसलं. मॅनेजर साहेबांनी विचारलं, "आत्तापर्यंत पोर्टेबलवर शून्य दिसायचं ते मग काय होतं?" म्हणलं साहेब, बऱ्याच मशीनमध्ये बारीक आकडे दाबून शून्य दाखवायची सोय असते, उगाच दोन-तीन नाचू नयेत म्हणून. त्यात सेन्सर गारठून मंद झाला असला तर थोडा खरा गॅस पण त्या शून्यात लपतो. गॅस नाही म्हणून शून्य आणि मशीनला समजत नाही म्हणून शून्य, स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. ह्याच्यातलं कुठलं ते गॅस लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

१९ डिसेंबर

अलार्मचे सेटपॉइंट फायनल केले. पहिला २५, कारण फॅक्टरी ॲक्टच्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये ८ तासांसाठी अमोनियाची मर्यादा २५ पीपीएम आणि थोड्या वेळासाठी ३५ दिलीय. दुसरा १५०, तो लागला की एक्झॉस्ट फुल आणि सगळे बाहेर. ३०० ही जिवाला धोका धरायची पातळी, तिथपर्यंत थांबायचंच नाही.

एका सुपरवायझरचं म्हणणं, आम्हाला वास येतोच की, डिटेक्टर कशाला. वास येतो हे खरं, आणि अमोनियाचा तेवढा एक चांगुलपणा आहे, पण रोज वासात राहणाऱ्याचं नाक मरतं. शिवाय रात्री स्टोअरमध्ये माणूसच नसतो, वास घेणार कोण.

सेन्सरकडनं कंट्रोल पॅनेलला येणाऱ्या करंटचं पण ठरलं. ४ मिलीअँप म्हणजे शून्य, त्याच्या खाली गेलं की फॉल्ट, आणि फॉल्टला पण हूटर वाजलाच पाहिजे. वायर तुटली तर कंट्रोल पॅनेलवर शून्य दिसता कामा नये.

२४ डिसेंबर

आज प्लांटवर गेलो नाही, पण ह्या नोंदींत बसतं म्हणून लिहितो. भाच्याचा फोन आला, तो लेहच्या बाजूला एका बांधकामावर सेफ्टीला आहे. इथं शिकलेलं पोरगं, पहिलाच हिवाळा तिकडचा.

"मामा, सकाळी मशीन चालूच होत नाही. चालू झालं तर स्क्रीन पुसट, आकडे सावलीसारखे."

"रात्री कुठं ठेवतोस?"

"कंटेनरमध्ये, पेटीत. सकाळी मायनस १५ असतंय आत."

"आणि चार्जिंग?"

"तिथंच लावतो की रात्रभर."

म्हणलं पहिलं ते बंद कर. लिथियम बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नसते, आत धातूचा थर बसतो, बॅटरी कायमची कमी होते आणि धोका वेगळाच. झोपायच्या खोलीत, गरम जागेत चार्ज कर. थंडीत भरलेली बॅटरी पण कमी वेळ चालते, शिफ्टभर चालेल म्हणून गृहीत धरू नको, एक जास्तीचं मशीन अंगात, जॅकेटच्या आत ठेव. स्क्रीन पुसट होते ते लिक्विड क्रिस्टलमुळं, गरम झाली की परत येते, पण तोपर्यंत आवाज आणि व्हायब्रेशन चालतंय ना ते बघ, कानटोपी आणि हेल्मेटमध्ये आवाज ऐकू येत नाही.

मग त्यानं सांगितलं की सकाळी खोलीतल्या बुखारीजवळ मशीन गरम करतो आणि तिथंच झीरो मारून बाहेर पडतो. मी अक्षरशः ओरडलो. बुखारी रॉकेलवर नाहीतर लाकडावर जळते, खोली बंद, म्हणजे हवेत थोडा कार्बन मोनॉक्साइड (सीओ) असणारच, आणि तू मशीनला सांगतोस की हीच स्वच्छ हवा. आता बाहेर गेल्यावर तेवढा गॅस मशीन वजा करून दाखवणार. गरम आत कर, पण झीरोचं बटण बाहेर उघड्यावर, गाड्यांच्या धुरापासून लांब जाऊनच दाब. बाहेर गेल्यावर सीओ मायनसमध्ये दिसायला लागला तर समज की झीरो घाण हवेत मारलाय.

फोन ठेवल्यावर वाटलं, बंद खोलीत शेकोटी आणि बाथरूममधला गॅस गीझर, आपल्याकडं पण हिवाळ्यात हेच होतं, फक्त आपल्याकडं मशीन नसतं.

२८ डिसेंबर

उसाच्या ट्रॉल्यांमुळं हायवेला तास गेला. इंजिन रूमचे दोन्ही बसवले, एक छताजवळ कॉम्प्रेसरवर, दुसरा रिसीव्हरजवळ (लिक्विड अमोनियाच्या टाकीजवळ). एक्झॉस्टच्या वाटेत येतील असे. बाकी विशेष नाही.

२ जानेवारी २०२५

पोर्टेबलचं ट्रेनिंग. स्टोअरमध्ये जाणारी पोरं जाडजूड जॅकेट घालतात आणि डिटेक्टर जॅकेटच्या आत खिशात. विचारलं तर म्हणतात, बाहेर लावला की बर्फ बसतो, आणि साहेब तुम्हीच म्हणला गरम ठेवा. आता दोन्ही खरं आहे. दारापर्यंत जॅकेटच्या आत, दार उघडायच्या आधी कॉलरजवळ, नाकापासून वीतभर अंतरात बाहेर लावायचा. आत लपवलेला डिटेक्टर फक्त पोराच्या घामाचं रीडिंग घेणार.

आत फार वेळ थांबायचंच नाही असा नियम तिथं आधीपासून आहे, तो डिटेक्टरच्या पण फायद्याचा. पंधरा-वीस मिनिटांत मशीन आतून पूर्ण गारठत नाही.

खरी गंमत बाहेर आल्यावर. मायनस २२ मधून थेट दुपारच्या २८ ला, मशीनवर लगेच दव, फिल्टरचं तोंड ओलं. ओल्या फिल्टरमधून गॅस आत जात नाही. तसंच परत आत गेलं की त्या पाण्याचा बर्फ, तोंड कायमचं बंद, स्क्रीनवर शून्य. म्हणून आतच असताना मशीन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं, बाहेर आल्यावर पिशवीला घाम येऊदे, मशीन खोलीच्या तापमानाला आलं की मगच काढायचं. पण आतून बाहेर येईपर्यंत तर डिटेक्टर चालू पाहिजे ना? म्हणून पिशवी अँटी रूममध्ये घालायची, तिथं ८ डिग्री असतं, दव कमी. आणि दुसऱ्या फेरीला दुसरं मशीन. चारऐवजी सहा घ्या म्हणून सांगितलं, साहेबांनी पाचवर तोडलं.

ओलं झालंच तर तोंडावर हीटर, हेअर ड्रायर काही लावायचं नाही. फिल्टर बदला, बंप करा, पास झाला तर वापरा.

८ जानेवारी

भाचा परत. ह्या वेळी ऑक्सिजन. त्याच्याकडची दोन मशीन, एकावर २०.९, दुसऱ्यावर पंधराच्या आत, दुसरं सतत ओरडतंय.

लेह साधारण ३५०० मीटरवर, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. हवेतला ऑक्सिजन टक्क्यानं तिथं पण २०.९ च असतो, पण काही सेन्सर टक्का मोजतात आणि काही दाब मोजून टक्क्यात दाखवतात. दुसरं मशीन त्या जातीचं, आणि कॅलिब्रेट केलेलं खाली. तिथल्या स्वच्छ हवेत परत कॅलिब्रेट केलं की सरळ होतं, पण मग ते मशीन खाली परत आणल्यावर उलटं चुकणार, तेव्हा परत करायचं. आणि २०.९ दिसतंय म्हणून तुझं डोकं दुखणार नाही असं काही नाही, विरळ हवेचा त्रास हे मशीन सांगत नाही, असं म्हणल्यावर म्हणतो, "ते डॉक्टरांनी सांगितलंय मामा, पाणी पितोय."

जाता जाता त्यानं विचारलं, डिझेलच्या रिकाम्या टाकीला वेल्डिंग करायचंय, एलईएल शून्य दाखवतोय, करू का. बरं झालं विचारलं. एलईएलचा कॅटॅलिटिक बीड स्वतःच पाचशे डिग्रीच्या घरात तापलेला असतो, त्याला थंडीचं फारसं वावडं नाही, मशीन बरोबरच सांगत असेल. पण डिझेल गार असलं की वाफ सोडतच नाही, आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (पेट घेण्याएवढी वाफ सुटायचं तापमान) कमीत कमी ३५ डिग्री. मायनस १५ ला टाकीत गाळ आणि थर असला तरी मशीन शून्यच दाखवणार. तू टॉर्च लावलास की पत्रा तापणार, थर वाफाळणार, आणि मग ते शून्य कुठल्या कामाचं. टाकी धुवून, वाफ देऊन, पाणी भरून वगैरे जी पद्धत असेल ती पूर्ण कर, आणि काम चालू असताना पण डिटेक्टर तिथंच चालू ठेव. शक्य असेल तर टाकी गरम शेडमध्ये घेऊन मग मोज.

आमच्या प्लांटवर डिझेल टाकी डीजी सेटला (जनरेटरला) आहे, ती उघड्यावर आहे, इथं हा प्रश्न नाही. पण शून्याचा हा तिसरा प्रकार नोंदीत पाहिजे होता.

१३ जानेवारी

पहाटे तीनला स्टोअर दोनचा अलार्म. नाइटचे सगळे बाहेर आले, शिस्तीत आले, हजेरी घेतली, हे चांगलं झालं. ऑपरेटर काकांनी पोर्टेबल घेऊन दारातून तपासलं, गॅस नाही. सकाळी रेकॉर्ड बघितला तर आकडा एकदम तीसला उडाला आणि काही मिनिटांत खाली. वेळ जुळवली, हॉट गॅस डीफ्रॉस्टची (गरम गॅस सोडून कॉइलवरचा बर्फ वितळवायची) वेळ. डीफ्रॉस्ट संपून फॅन चालू होताना उबदार ओल्या हवेचा एक झोत येतो तो नेमका वरच्या सेन्सरवर. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरला तापमान झटक्यात बदललं की असा उडी मारायचा स्वभाव असतो, गॅस नसताना पण.

साहेब म्हणले, डीफ्रॉस्टच्या वेळेत अलार्म बंद ठेवा. अजिबात नाही. गरम गॅस कॉइलमध्ये सोडतो तेव्हाच पाइपांवर जोर येतो, गळती व्हायचीच तर तेव्हाच होण्याची शक्यता जास्त. सेन्सर दीड मीटर बाजूला घेतला, वर पत्र्याची पट्टी लावली. नवीन जागी परत गॅस लावून टेस्ट. बघू.

१४ जानेवारी

संक्रांत. प्लांटवर तिळगूळ. रात्री दोन डीफ्रॉस्ट झाले, अलार्म नाही, आकडा थोडा हलला आणि खाली.

शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्या मित्राचा फोन, सकाळच्या शिफ्टला सीओचा डिटेक्टर वाजतो, दुपारी वाजत नाही, मशीन खराब आहे का. सकाळी थंडीनं दारं लावून घेता का म्हणलं, तर हो. मशीनला काय झालेलं नाही, दारं उघडा.

२२ जानेवारी

नोंदवही बनवून दिली. रोज सकाळी पोर्टेबलचा बंप, स्टोअरमधल्या सेन्सरचा दर महिन्याला आतच गॅस लावून बंप, आणि फक्त पास-नापास नाही, आकडा वर जायला किती वेळ लागला ते लिहायचं. तोच वेळ महिन्यामहिन्याला वाढत गेला की सेन्सर म्हातारा झाला, तो पूर्ण बंद पडायची वाट बघायची नाही. हा रकाना छापील फॉर्ममध्ये नसतो, आम्ही पेनानं आखून घेतला.

नळाजवळ आय वॉश आणि शॉवर आहे, पण वाटेत माल रचलेला. तो हलवल्याशिवाय सही करणार नाही म्हणून सांगितलं, संध्याकाळी हलला.

५ फेब्रुवारी

ब्लास्ट फ्रीझरचं शेवटी असं ठरवलं. मायनस ३५ आणि फॅनसमोर त्याहून खाली, म्हणजे मायनस ४० वाल्या सेन्सरचा पण काठ. आत सेन्सर न ठेवता पंपानं हवा ओढून अँटी रूममधल्या सेन्सरवर आणायची. आधी वाटलं नळीत बर्फ साचेल, पण उलटं आहे, गार हवा गरम जागी आली की कोरडीच होत जाते, तिच्यातून पाणी पडत नाही. त्रास होतो तो डीफ्रॉस्टला, तेव्हा आतली हवा ओली असते आणि नळीचा आतला भाग गोठलेला. म्हणून नळी आत अगदी वीतभर, तोंडाला जाड फिल्टर, तोंड खाली करून, आणि पंपाला फ्लो फॉल्ट. नळी टेफ्लॉनची. नळीच्या आतल्या तोंडाला गॅस लावून उशीर मोजला, स्टोअरच्या सेन्सरपेक्षा थोडा जास्त आहे, त्यामुळं ब्लास्ट फ्रीझरमध्ये जाताना पोर्टेबल अंगावर आणि दाराशी दुसरा माणूस उभा, हे दारावर लाल अक्षरात लिहून घेतलं.

बाकी राहिलंय: फिल्टरवर हिमाची भुकटी बसते ती किती दिवसांनी साफ करायची ते अजून कळलेलं नाही, महिनाभर फ्लोचं रीडिंग बघून ठरवणार. एक पोर्टेबल बंपला सलग नापास होतोय, सेन्सर बदलायला दिलाय, तोपर्यंत चारच. बिलाचा दुसरा हप्ता आलेला नाही.